विसरलो नाही

मी निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, अशी माझी समजूत होती. सोमवारी दुपारी भाचीचा फोन आला आणि ती समजूत गेली.

"मावशी, तू अजून कामावर आहेस," ती म्हणाली.

"कुठल्या कामावर?"

"आमच्याच. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात. नऊ वर्षांत एक रजा नाही. रविवारीसुद्धा हजर. काल पहाटेसुद्धा तू काम केलंयस."

खरं सांगते, मला आधी बरंच वाटलं. एकतीस वर्षं त्या ऑफिसात रेकॉर्ड सांभाळलं, तेव्हा कोणी इतक्या कौतुकानं माझी हजेरी वाचून दाखवली नव्हती. मी फोन हातानं झाकून आमच्या ह्यांना सांगितलं. ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं आणि विचारलं, "मग इथे घरी कोण असतं?"

भाची माझ्या धाकट्या बहिणीची. मी जिथून बाहेर पडले त्याच ऑफिसात गेल्या वर्षी संगणक विभागाची प्रमुख म्हणून लागली. नेमणूक अजून कच्ची. शुक्रवारी तपासणी अधिकारी येणार होते. ते एकच गोष्ट बघणार होते: ऑफिसच्या संगणकात 'अधिकारवाली' खाती किती. पाचाच्या वर निघाली की हिचा कायम होण्याचा कागद परत.

"आणि आहेत किती?" मी विचारलं.

"एकशे त्रेचाळीस."

"अगं, माणसंच शहाण्णव आहेत ना तिथे?"

"तेच तर! माळ्याला अधिकार आहेत. यंत्राच्या खोलीतला एसी गळायचा, खाली बादली ठेवायला माळी जायचा, दार उघडायला अधिकार लागतो, म्हणून दिले. एक गृहस्थ वारलेत, त्यांचे शाबूत आहेत. भिंतीवरच्या घड्याळाला आहेत, मावशी! वेळ जुळवायला दिले होते म्हणे."

"मग काढून घे."

"मला काढता येत नाहीत. साधा माणूस आपल्या खोलीत बसतो. अधिकारवाला कुठलीही खोली उघडू शकतो. पण अधिकारवाल्याच्या हातातून किल्ल्या काढून घेणारं खातं एकच आहे. त्याचं नाव 'कपाटबाई'."

कपाटबाई म्हणजे मी. रेकॉर्डचं कपाट सांभाळायची, म्हणून ऑफिसनं ठेवलेलं नाव.

पहिला संगणक आला तेव्हा तो बसवणाऱ्या इंजिनियरनं विचारलं होतं की मुख्य माणूस कोण. साहेब जेवायला गेले होते. शिपायानं लांबूनच ओरडून सांगितलं, "कपाटबाईंना विचारा." त्या भल्या माणसानं विचारलं नाही, तेच नाव टाइप केलं. ती व्यवस्था वाढत गेली, पण सगळ्यांच्या डोक्यावर बसलेलं नाव तेच राहिलं. रोज पहाटे माहितीची नक्कल काढून ठेवायचं कामही माझ्याच नावानं होत होतं. ज्या कंपनीनं हे सगळं बसवलं, ती केव्हाच उठून गेली. तिथे आता गाद्यांचं दुकान आहे.

"तेव्हा तू फक्त ये आणि पासवर्ड टाक. पाच मिनिटांचं काम," भाची म्हणाली. "पण जपून. तीनदा चुकला तर खातं कायमचं बंद."

ज्या कामाला लोक 'पाच मिनिटांचं' म्हणतात, त्यासाठी डबा घेऊन जावं, हे मला नोकरीनं शिकवलं होतं. पण अडचण डब्याची नव्हती. मला पासवर्ड आठवत नव्हता.

ही बातमी संध्याकाळपर्यंत जिन्यानं वर-खाली झाली. समोरच्या दारातली म्हणाली, "बायकांचा पासवर्ड म्हणजे नवऱ्याचं नाव. डोळे मिटून टाका." ज्या माणसाला मी लग्नापासून आजपर्यंत नावानं हाक मारली नाही, त्याचं नाव मी ऑफिसात बसून दिवसातून दहादा टाइप करीन, असं तिला वाटलं तरी कसं? वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर सल्ला देऊन गेले, की आठवत नसलेली गोष्ट शंभर वेळा लिहून काढावी. काय लिहून काढू, असं विचारल्यावर ते जरा थांबले आणि म्हणाले, "तो तुमचा प्रश्न आहे." तळमजल्यावरच्या औषधवाल्यानं स्मरणशक्तीच्या गोळ्या दिल्या आणि दिवसातून तीनदा आठवणीनं घ्यायला सांगितल्या.

मंगळवारी मी ऑफिसात गेले. मुद्दाम फाटकातून ताठ मानेनं आत शिरले. फाटकावरच्या रखवालदारानं मला थांबवलं.

"कोणाला भेटायचंय?"

"संगणक विभागात. पाहुण्यांचा पास दे."

त्यानं समोरच्या पडद्यावर माझं नाव शोधलं, माझ्याकडे पाहिलं, परत पडद्याकडे पाहिलं. "बाई, पास देता येत नाही. तुम्ही आत आहात."

"अरे, मी तुझ्यासमोर उभी आहे."

"ते मला दिसतंय. पण इथे तुम्ही आत आहात. नऊ वर्षांपासून. आत असलेल्या माणसाला मी आत कसं सोडू?"

"मग मला बाहेर काढ."

"ते अधिकारवाल्यालाच जमतं."

एवढ्यात साहेबांच्या गाडीचा ड्रायव्हर किल्ल्या फिरवत तिथून चालला होता. रखवालदारानं त्याला हाक मारली. ड्रायव्हर खिडकीतून वाकला, त्यानं दोन बटणं दाबली आणि मला नऊ वर्षांनी घरी पाठवलं. मग आणखी एक बटण दाबून पाहुणी म्हणून आत घेतलं. "काही लागलं तर सांगा मावशी," असं म्हणून तो गाडी पुसायला गेला. एकशे त्रेचाळीस म्हणजे काय, ते मला तिथे कळलं.

आत माझी खोली नव्हती. म्हणजे भिंती होत्या, पण माझं लोखंडी कपाट जिथे उभं असायचं तिथे आता पाणी थंड करायचं यंत्र होतं. मी थोडा वेळ त्याच्यासमोर उभी राहिले. एका कारकुनाला वाटलं मला तहान लागलीय, त्यानं पेला भरून दिला. मी तो प्यायले. काय करणार?

भाचीनं मला खुर्चीवर बसवलं. मी चष्मा पुसला आणि एकदम खात्रीनं टाइप केलं: कपाटाचा नंबर आणि माझी जन्मतारीख. चुकला. मग आठवलं, की तो आधीचा होता. नंतर एकदा बदलला होता. दुसरी संधी मी वाया घालवली नाही, ती साहेबांनी घालवली. आताचे साहेब उत्साही आहेत. ते मागून येऊन म्हणाले, "सोपा असणार हो, एक-दोन-तीन-चार बघा," आणि माझ्या खांद्यावरून हात घालून स्वतःच टाइप करून मोकळे झाले. पडद्यावर लाल अक्षरं आली. साहेबांना तातडीची मीटिंग आठवली.

उरली एक संधी. भाची पांढरी पडली होती. "मावशी, कुठे लिहून नव्हता ठेवलास?"

ठेवला होता. कपाटातल्या चिठ्ठीवर. ती चिठ्ठी मी निवृत्तीच्या दिवशी लिफाफ्यात घालून, लाख लावून तेव्हाच्या साहेबांना दिली होती. तो लिफाफा इतका गोपनीय होता, की कुठे ठेवला हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही आणि बदली होऊन परगावी गेले. भाचीनं त्यांना फोन केला तर ते म्हणाले, "कपाटबाईंना विचारा."

"मग रजिस्टर बघ," मी म्हटलं. "रजिस्टर नक्की असेल."

हे रजिस्टर समजावून सांगायला हवं. इंजिनियर जाताना मला म्हणाला होता, "बाई, पासवर्ड किल्लीसारखा सांभाळा." मी किल्ल्या कशा सांभाळते ते सगळ्या ऑफिसला माहीत होतं. किल्ली नेली की सही, किल्ली परत दिली की सही. मी पासवर्डचं तसंच रजिस्टर उघडलं. कोणाला तातडीनं काही दुरुस्त करायचं असलं, की त्यानं यायचं, नाव, कारण आणि वेळ लिहायची, चिठ्ठी बघायची आणि कामाला जायचं. प्रश्न आला परत देण्याचा. किल्ली टेबलावर ठेवता येते, पासवर्ड कसा ठेवणार? तेव्हा शेवटचा रकाना मी असा आखला: 'विसरलो / विसरले, सही'. काम झालं की माणसानं परत यायचं आणि विसरल्याची सही करायची.

हे ऐकून भाची हसली, पण वीस वर्षं हे सुरळीत चाललं. काही जण घाईत असले की आधीच विसरल्याची सही करून मग चिठ्ठी बघत. आमच्या शिपायानं तर इतक्या मनापासून विसरायचा प्रयत्न केला, की त्या दिवशी तो सायकल ऑफिसातच विसरून चालत घरी गेला. आणि निवृत्तीच्या दिवशी शेवटची ओळ माझी होती. दोनशे बारावी. कार्यभार सोडला, विसरले, सही. मी नियमानं वागणारी बाई आहे. मी खरंच विसरायला लागले असणार.

रजिस्टर मिळालं. भाची आणि मी एकेक पान उलटत गेलो. विसरलो, विसरलो, विसरले, विसरलो. एकशे सत्याऐंशी. आणि मग एकशे अठ्ठ्याऐंशीव्या ओळीत, लफ्फेदार निळ्या अक्षरात: 'विसरलो नाही.' खाली सही, तारीख आणि वेळ. मिनिटांसकट.

"हे कोण?" भाचीनं आनंदानं विचारलं.

मी रजिस्टर मिटलं. ते घड्याळसाहेब होते.

घड्याळसाहेब म्हणजे आमचे तेव्हाचे उपप्रमुख. मनगटावर घड्याळ, टेबलावर घड्याळ आणि कोणी दारातून आलं की नजर तिसऱ्या घड्याळाकडे. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी पासवर्ड नेला, काम केलं, परत आले आणि सगळ्या खोलीसमोर म्हणाले, "बाई, ही सही खोटी आहे. माणूस पेनानं विसरत नसतो. मला पासवर्ड पाठ आहे आणि मी खोटी सही करणार नाही." अठरा वर्षांच्या माझ्या रजिस्टराला त्यांनी खोटं म्हटलं! खोलीत कोणीतरी हसलं. त्या दिवसापासून आम्ही बोलत नाही. ते आमच्याच मागच्या गल्लीत राहतात. भाजीच्या गाडीवर समोरासमोर आलो, की ते घड्याळ बघतात आणि मी दुधी निरखते.

खरं तर त्यांनी तसं लिहिल्यावर मी पासवर्ड लगेच बदलायला हवा होता. पण बदलला असता तर त्यांचं म्हणणं मान्य केल्यासारखं झालं असतं. म्हणून नाही बदलला.

"मी जाणार नाही," मी भाचीला सांगितलं. बुधवारचा पूर्ण दिवस मी गेले नाही. संध्याकाळी भाची आमच्याकडे आली, माझ्या स्वयंपाकघरात बसली आणि नुसती मटार सोलत राहिली. सोलून झालेले मटार तिनं टरफलांत टाकले आणि टरफलं पातेल्यात. ते बघून आमचे हे म्हणाले, "तुझा मान राहू दे कपाटात. पोरीचा कागद अडलाय."

"कपाट नाहीये आता. पाणी थंड करायचं यंत्र आहे," मी म्हटलं. पण मी गुरुवारी गेले.

रजिस्टर पिशवीत घालून, भाचीला बरोबर घेऊन. दार घड्याळसाहेबांच्या सुनेनं उघडलं. आमचं काम ऐकल्यावर ती हळू आवाजात म्हणाली, "काकू, बाबांना आता फारसं आठवत नाही हो. सकाळपासून चारदा चहा झालाय, आणि अजून मिळाला नाही म्हणून रागावलेत."

भाचीनं माझा हात घट्ट धरला. आतून आवाज आला, "कपाटबाई आल्या वाटतं. किती वाजले?"

ते खिडकीपाशी बसले होते. वाळले होते. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत घसरत होतं.

"रजिस्टर आणलंय?" त्यांनी विचारलं.

"आणलंय."

"ऑफिसचं रजिस्टर बाहेर आणायला परवानगी कोणाची?"

मी दात आवळले. भाचीनं सगळं सांगितलं: तपासणी, एकशे त्रेचाळीस, भिंतीवरचं घड्याळ. घड्याळाला अधिकार आहेत हे ऐकून ते पहिल्यांदा खूश दिसले.

"पासवर्ड मला पाठ आहे," ते म्हणाले. "पण तुम्हाला सांगता येणार नाही. तुम्ही विसरल्याची सही केलीय. विसरलेल्या माणसाला सांगणं म्हणजे नवीन नोंद झाली. मी उद्या येऊन स्वतः टाकीन. आधी माझ्या नोंदीपुढे शेरा लिहा: 'यांचे म्हणणे बरोबर होते.'"

"साहेब, हे जरा..." भाची म्हणाली.

"पेन दे ग," मी म्हटलं. आणि लिहिलं. अकरा वर्षांत जितके दुधी मी निरखले, तेवढे सगळे त्या एका ओळीत गेले. त्यांनी ती दोनदा वाचली, 'होते'वर बोट ठेवलं, आणि सुनेला म्हणाले, "चहा टाक. सकाळपासून मिळाला नाही."

शुक्रवारी ते बरोबर दहाला फाटकावर होते. रखवालदारानं त्यांचं नाव शोधलं, "साहेब, तुम्ही..." म्हणाला, आणि मी तिथूनच ड्रायव्हरला हाक मारली.

तपासणी अधिकारी ही चष्म्याची, कमी बोलणारी बाई होती. तिनं आम्हा दोघांना बघून फक्त एवढंच विचारलं, "संगणक विभाग हाच ना?" मग म्हणाली, "पासवर्ड टाकताना कोणी बघायचं नाही. सगळ्यांनी पाठ फिरवा." साहेब, भाची, दोन कारकून, मी आणि स्वतः ती, सगळे भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. वर्गाला शिक्षा झाल्यासारखे. माझ्यासमोर भिंतीवरचं ते अधिकारवालं घड्याळ होतं.

मागे टकटक सुरू झाली. घड्याळसाहेब दोन बोटांनी टाइप करत आणि टाइप करताना पुटपुटत. हे मला ठाऊक होतं, इतरांना ऐकू गेलं नसावं. "दोरा," ते पुटपुटले. टकटक. "लाख." टकटक.

मग टकटक थांबली.

मी घड्याळाकडे बघत राहिले. अर्धं मिनिट गेलं. एक मिनिट गेलं. साहेब खाकरले. मी नियम मोडून मान वळवली.

त्यांची दोन बोटं अक्षरांवर, हवेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि एवढ्या वर्षांत मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं. त्यांना किती वाजले तेच कळत नव्हतं.

दोरा, लाख. आणि माझ्या डोळ्यांपुढे कपाटाचं दार उघडलं. वरचा कप्पा, डावीकडून. दोऱ्याचं रीळ, लाखेची कांडी, त्याच्या शेजारी दाभण, मग शिक्का, आणि कोपऱ्यात माझा तुटक्या कानाचा पेला, ज्यात मी टाचण्या ठेवत असे. पासवर्ड मी तसाच केला होता, हात सवयीनं जाईल अशा क्रमानं. आठवायला मला डोकं लागलं नाही. हातच पुढे गेला.

"साहेब, तुमची बाही अडकतेय," मी हळूच म्हटलं, आणि खाली वाकून बाही सारता सारता उरलेली अक्षरं टाकली. दाभण, शिक्का, पेला. ते खातं आता बंद झालंय, म्हणून इथे लिहायला हरकत नाही.

खातं उघडलं. ते म्हणाले, "झालं." आवाज अगदी पूर्वीसारखा होता.

सगळ्यांनी तोंडं फिरवली. भाचीनं खुर्ची ओढली आणि एकेकाचे अधिकार काढायला सुरुवात केली. माळी गेला, ड्रायव्हर गेला, वारलेले गृहस्थ दुसऱ्यांदा गेले. स्वतः साहेबांचे अधिकार निघाले तेव्हा त्यांनी "मलाही?" असं अगदी दुखावल्या आवाजात विचारलं. भिंतीवरच्या घड्याळाची पाळी आली तेव्हा घड्याळसाहेब उठून उभे राहिले. शेवटी चार खाती उरली आणि पाचवी मी. पहाटेची नक्कल काढायचं काम भाचीनं एका वेगळ्या, बिनअधिकाराच्या खात्याकडे दिलं, आणि मग मलाही बंद केलं. यंत्रानं विचारलं, 'नक्की?' भाचीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नऊ वर्षांनी मी निवृत्त झाले. हार नाही, भाषण नाही, पण एका कारकुनानं पाण्याचा पेला आणून दिला.

तपासणीवाल्या बाईनं कागदावर सही केली. मग तिला टेबलावर रजिस्टर दिसलं. तिनं ते चाळलं, आणि आल्यापासून पहिल्यांदा तिच्या ओठांचा कोपरा हलला. "ही एक नोंद उघडी दिसते," ती म्हणाली. "एकशे अठ्ठ्याऐंशी. पूर्ण करून टाका, म्हणजे मी हे बंद करते."

भाची घाबरली. घड्याळसाहेब खोटी सही करत नाहीत, हे आता तिलाही माहीत होतं.

त्यांनी पेन मागितलं. 'विसरलो नाही'मधला 'नाही' एका रेघेनं खोडला, शेजारी सही केली, तारीख घातली. वेळ घालण्यासाठी मनगटाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मग माझ्याकडे. मी हळूच म्हटलं, "अकरा वाजून सात मिनिटं." त्यांनी तसं लिहिलं.

"बघा, शेवटी केलीच साहेबांनी सही!" भाची हसून म्हणाली. साहेब हसले, कारकून हसले, तपासणीवाली बाईसुद्धा हसली. मी हसले नाही. त्या रजिस्टरात विसरल्याच्या दोनशे बारा सह्या आहेत, शेवटची माझीसुद्धा. त्यातली खरी तेवढी एकच.